लाकडी घाण्याचं खोबरेल: तेलाला चार स्टार, बाटलीला एक

आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात नवीन लाकडी घाणा सुरू झालाय तिथून मागच्या महिन्यात खोबरेल आणलं, त्याचा हा रिव्ह्यू. लिहीन लिहीन म्हणत राहिलं कारण मधे एक वेगळीच भानगड डोक्यात घुसली, ती पण सांगते.

आधी तेल. वास एकदम खरा, म्हणजे किसणीवर सुकं खोबरं किसताना येतो तसा, सेंटचा नाही. ६२० रुपये लिटर, महाग आहे, पण समोर काढून देतात त्यामुळे मनात शंका राहत नाही. केसांना चिकट वाटत नाही, मी तर साटोरीच्या सारणात पण चमचाभर घातलं, छान लागलं. शेंगदाण्याचं पण घेतलं, ते ठीकठाक, काही विशेष नाही.

तक्रार बाटलीची. निमुळत्या तोंडाची प्लॅस्टिकची बाटली आणि झाकण इतकं ढिलं की स्कूटीच्या डिक्कीत घरी येईपर्यंत आरसी बुक तेलात न्हालं. त्यात इंदूरची थंडी, दोन रात्रीत तेल दगड झालं, आता त्या तोंडातून चमचा जात नाही आणि तेल बाहेर येत नाही, रोज सकाळी बाटली गरम पाण्यात उभी करायची. दुकानवाल्या भियाला सांगितलं तर म्हणतो, दीदी, ये तो असली होने की निशानी है. अरे असली आहे ते मान्य, पण रुंद तोंडाची बरणी ठेव की!

आता ती भानगड. दिवाळीनंतर आम्ही बाबांना घेऊन अंदमानला गेलो होतो. सेल्युलर जेलमध्ये कोठड्या बघितल्या, साडेतेरा फूट बाय सात फूट, वर उंचावर एक झरोका, आणि एका विंगचं तोंड दुसरीच्या पाठीकडे म्हणजे समोर माणसाचं तोंड दिसायलाच नको. मूळच्या सात विंग, ६९३ कोठड्या, आता तीनच विंग उरल्यात. हे सगळं बघून वाईट वाटतंच, पण खरं सांगायचं तर फोटो काढत आपण पुढे सरकतो. कोलूच्या, म्हणजे कैद्यांना जुंपायचे त्या तेलघाण्याच्या शेडमध्ये पण तसंच झालं. कैद्याचा पुतळा, दांडा, बोर्ड. रोज ३० पौंड खोबरेल काढायचं, कमी पडलं तर शिक्षा, उभी हातकडी, म्हणजे हात वर अडकवून उभं ठेवायचं, नाहीतर बेड्या. सावरकर १९११ साली तिथे आले, त्यांनाही कोलू होता, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. पण ३० पौंड म्हणजे किती, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं.

ते शिरलं इथे, या दुकानात. बाबा सोबत होते, बँकेतून रिटायर, आकडा दिसला की राहवत नाही. त्यांनी भियाला विचारलं एका घाण्यात किती पडतं, तो म्हणाला दहा किलो खोबरं, सहा-सव्वासहा किलो तेल, पाऊण तास, तीन एचपीची मोटर. बाबांनी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, त्याला खोबरं लागणार बावीस किलोच्या आसपास, आणि लिटरमध्ये बघितलं तर जवळजवळ पंधरा. भिंतीला पंधरा लिटरचे पत्र्याचे डबे लावलेले होते, आपल्याकडे लग्नकार्याला आणतात ते. बाबांनी एक भरलेला डबा कडीला धरून उचलला, गुडघ्यापर्यंत आला आणि परत खाली. म्हणाले, "अगं, हा एक डबा. एका माणसाने. रोज." मग बराच वेळ घाण्याच्या लाटेकडे, म्हणजे त्या फिरणाऱ्या लाकडी मुसळाकडे बघत बसले, ती आपली करकर फिरतेय, पेंड कडेला चढतेय, कामाचा पोरगा लोखंडी सळीने ती खाली ढकलतोय. मोटर असून दोन घाणे काढले तरी डबा भरत नाही. तिथे पोटात कांजी, आणि मोटर तो माणूसच. बंगालचे क्रांतिकारक उल्लासकर दत्त तिथल्या हालांनी कोलमडले, त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. १९१२ मध्ये तिथलेच दुसरे क्रांतिकारक कैदी इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला. ही नावं तिथे लाइट अँड साउंड शोमध्ये ऐकली होती पण तेव्हा माझं अर्धं लक्ष डासांकडे.

आम्ही ऑफिसात सरळ म्हणतो, घाण्याला जुंपलंय बाई. त्या दिवसापासून माझ्या तोंडून ते निघत नाही, काय करू.

असो. जाणार असाल तर रविवारी सकाळी जाऊ नका, पोहे-जलेबी आटोपून सगळी कॉलनी तिथेच उभी असते. स्टीलचा डबा घरून न्या, त्यात भरून देतात आणि बाटलीचे पंधरा रुपये कापतात. पेंड मागितली तर थोडी फुकट मिळते, आमच्या गल्लीतली गाय आता दारात येऊन उभीच राहते.