एनआरपीई: काम चोख, पण बिघाड झाला की भलतीकडे बोट दाखवतं

नागिऑस या देखरेख प्रणालीवरून दूरच्या लिनक्स सर्व्हरची डिस्क, लोड, प्रोसेस तपासायची असेल तर एनआरपीईइतकं सुटसुटीत साधन क्वचितच सापडेल. तिकडच्या मशीनवर एक छोटा डीमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम) 5666 पोर्टवर ऐकत बसतो, एनआरपीई.सीएफजी या फाइलमध्ये लिहून ठेवलेली कमांड चालवतो आणि ओळभर मजकुरासह 0 (ठीक), 1 (वॉर्निंग), 2 (क्रिटिकल) किंवा 3 (अननोन) हा कोड परत धाडतो. एवढंच. हा साधेपणा आम्हाला मनापासून आवडतो. अडचण आहे ती त्याच्या एरर मेसेजची.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर डीमन बंद आहे किंवा फायरवॉल सरळ नकार देतंय. नुसता टाइमआउट आला तर बहुधा पॅकेट वाटेतच टाकून दिली जाताहेत. इथपर्यंत ठीक.

खरा चकवा आहे ‘कुड नॉट कम्प्लीट एसएसएल हँडशेक’, म्हणजे जोडणी कूटबद्ध करण्याआधीची बोलणी फसली. वाचणारा सर्टिफिकेटच्या मागे लागतो आणि दिवस फुकट जातो. पहिला संशय घ्यावा एनआरपीई.सीएफजीतल्या अलाउड-होस्ट्स या ओळीवर, म्हणजे परवानगी असलेल्या आयपींच्या यादीवर. डीमन जोडणी घेतो, समोरचा आयपी यादीत नाही म्हणून एसएसएल सुरू होण्याआधीच ती तोडतो, आणि विचारणाऱ्याला मात्र हँडशेक फसल्याचं दिसतं. काही आवृत्त्यांत याच कारणाने ‘कनेक्शन रीसेट बाय पीअर’ येतं. तिकडच्या सिसलॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) कोणत्या आयपीला बोलायची परवानगी नाही ते स्वच्छ लिहिलेलं असतं. मध्ये नॅट (वाटेत आयपी बदलणारी यंत्रणा) असेल तर तोच आयपी यादीत घाला, नागिऑस सर्व्हरचा स्वतःचा नव्हे. डीमन एक्सइनेटडीखाली (जोडणी आली की सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामखाली) चालत असेल तर ही यादी चालतच नाही, तिथे त्याच्या कॉन्फिगमधली ओन्ली-फ्रॉम ही ओळ बघावी लागते. बदल केल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करायची. डेबियन-उबुंटूवर तिचं नाव नागिऑस-एनआरपीई-सर्व्हर, रेडहॅट घराण्यात नुसतं एनआरपीई.

यादी बरोबर असूनही हँडशेक होत नसेल, तरच एसएसएलकडे वळा. एका टोकाला एनआरपीई 2.x आणि दुसऱ्या टोकाला ओपनएसएसएल (एसएसएलचं काम करणारी लायब्ररी) 1.1 किंवा त्यापुढचं असेल, तर जुन्या बाजूचे सायफर (कूटबद्ध करण्याच्या पद्धती) नव्या बाजूला कमकुवत म्हणून चालत नाहीत. नव्या बाजूची सुरक्षा-पातळी खाली आणून काम भागतं, पण खरा इलाज म्हणजे जुनं एनआरपीई बदलणं.

‘अनेबल टू रीड आउटपुट’ याचा अर्थ प्लगइनने (प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) काहीच छापलं नाही. जोडणी ठणठणीत आहे, नेटवर्कला हात लावू नका. प्लगइनचा मार्ग चुकलाय का (लिब आणि लिब64 यांचा घोळ नेहमीचा), फाइल चालवायची परवानगी आहे का, सुडो (दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवणारं साधन) पासवर्ड मागतंय का, हे बघा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्लगइन रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवून ‘चालतंय की’ म्हणू नका. डीमन ज्या युजरने चालतो, बहुधा नागिऑस, त्याच युजरने चालवा. रूटने चालवण्यात दुसराही तोटा आहे. चेक-लॉगसारखं प्लगइन लॉगची मागची प्रत जपून ठेवतं. ती फाइल एकदा रूटच्या मालकीची झाली की पुढे नागिऑस युजरला ती बदलता येत नाही, आणि तपासणीच्या नादात आपणच नवा बिघाड करून ठेवतो. कॉन्फिगमध्ये डीबग 1 करा, सिसलॉगमध्ये नेमकी चाललेली कमांड दिसेल. ती उचलून त्याच युजरने जशीच्या तशी चालवा.

टाइमआउट तीन ठिकाणी असतात आणि ते एकमेकांशी जुळवावे लागतात. नागिऑसच्या बाजूने विचारणा करणारं चेक-एनआरपीई मुळात 10 सेकंदच थांबतं, डीमन कमांडला 60 सेकंद देतो आणि नागिऑसचीही सर्व्हिस तपासणीची मर्यादा 60. त्यामुळे 20 सेकंद घेणारं प्लगइन निरोगी असूनही क्रिटिकल दिसतं. आतून बाहेर वाढत जाणारे आकडे ठेवा: डीमन 30, चेक-एनआरपीई 40, नागिऑस 60. चेक-एनआरपीईला -यू हा पर्याय दिला तर टाइमआउटला क्रिटिकलऐवजी अननोन येतं, आणि धीम्या नेटवर्कपायी मध्यरात्री कुणाची झोपमोड होत नाही.

कमांडला बाहेरून आर्ग्युमेंट पाठवायची सोय आहे, पण ती चालू करायच्या ओळीचं नावच ‘डोंट-ब्लेम-एनआरपीई’ (एनआरपीईला दोष देऊ नका) आहे. डेबियनच्या पॅकेजमध्ये ही सोय बांधतानाच वगळलेली असते, तिथे ही ओळ 1 करून काहीही होत नाही. आमच्या मते ते योग्यच आहे. वॉर्निंग-क्रिटिकलचे आकडे दूरच्या फाइलमध्येच लिहा आणि 5666 फक्त नागिऑस सर्व्हरपुरता उघडा.