ऊन खाण्याचं इंग्रजी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी नागपूरची. मे महिन्यात तिथे कोणी 'काय छान ऊन पडलंय' म्हणालं, तर लोक त्याच्या कपाळाला हात लावून बघतील. त्यामुळे फेब्रुवारीत मँचेस्टरला आले तेव्हा उन्हाचं कौतुक करायचं इंग्रजी माझ्याजवळ नव्हतंच. आठ महिने जे हाती लागलं ते वापरून पाहिलं.

'एन्जॉय द सनलाइट' पहिल्याच आठवड्यात बाद. व्याकरण ठीक, पण सनलाइट झाडांना लागतो, खिडकीतून येतो. माणसं एन्जॉय करतात तो 'सनशाइन', नाहीतर नुसता 'सन'. आपलं एकच 'ऊन' सगळीकडे चालतं, तिथे घोळ होतो. 'सनबेदिंग' तर जपून वापरा. त्यात मोजक्या कपड्यांत आडवं पडणं आलंच. मी हीटन पार्कच्या बाकावर स्वेटर घालून बसले होते आणि सोमवारी ऑफिसात सनबेदिंग केल्याचं सांगून मोकळी झाले. त्यानंतरची शांतता अजून आठवते.

'सोकिंग अप द सन' मात्र पक्कं. आपण ऊन खातो, हे लोक ते शोषून घेतात. 'बास्किंग'ही बरोबर आहे, पण बोलताना पुस्तकी वाटतं. मला तर कुंपणावरचा सरडाच दिसतो.

खरी फजिती जूनमध्ये. शेजारच्या आजी म्हणाल्या, 'यूव्ह कॉट द सन!' मी समजले, ऊन लागलं. घरात जाऊन मीठ-साखरेचं पाणी प्यायले, ताप मोजला. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की चेहरा उन्हानं जरा रापलाय. काळजी कमी, कौतुकच जास्त.

आणखी एक. मँचेस्टरकडे सलग तीन दिवस कमाल तापमान २५ अंशांवर राहिलं की हवामान खात्याच्या हिशेबात ती 'हीटवेव्ह'. तेव्हा 'आमच्याकडे ४५ असतं' हे वाक्य गिळायचं. मी दोनदा बोलून बसले. दोन्ही वेळा गप्पा तिथेच संपल्या.

रोज उपयोगी पडतं ते 'लव्हली आउट, इझंट इट?' त्यात ऊन हा शब्दच नाही. समोरून बहुधा 'मेक द मोस्ट ऑफ इट' येतं. परवा लिफ्टमध्ये मीच आधी म्हणाले. उत्तर आलं, 'वोन्ट लास्ट, दो.' जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाऊस सुरू.