इंग्लंडमधले विटांचे जुने शेतघर: सतराव्या शतकातले की जॉर्जियन?

इंग्लंडच्या ग्रामीण भागात विटांचे जुने शेतघर घेऊ पाहणाऱ्यासमोर बहुधा दोन प्रकार येतात: पूर्व इंग्लंडमधल्या सफोक-नॉर्फोककडे आढळणारे सतराव्या शतकातले घर, आणि सामाईक जमिनींच्या वाटण्या होऊन त्यांना कुंपणे पडल्यावर, प्रामुख्याने मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडमध्ये, नव्या शेतांच्या मधोमध उभे राहिलेले जॉर्जियन (साधारण १७१४ ते १८३० या काळातले) घर.

जुन्या घराचा सगळा आराखडा मधल्या भल्यामोठ्या धुराड्याभोवती फिरतो. दार उघडताच त्याची भिंत समोर येते आणि डावी-उजवीकडे एकेक खोली लागते. घर पुढून मागे एकाच दालनाइतके असल्याने पलीकडे जायला अनेकदा दुसऱ्या खोलीतूनच जावे लागते. छत ठेंगणे आणि तुळया उघड्या असल्या, तरी पाठीला पाठ लावलेल्या चुली दोन्ही खोल्यांना ऊब देतात. जॉर्जियन घरात मधोमध मार्गिका, दोन्ही टोकांना धुराडी आणि वरखाली सरकणाऱ्या उंच खिडक्या असतात. उजेड आणि एकांत हवा असलेल्या कुटुंबाला मी निःसंशय हेच सुचवेन.

मात्र दर्शनी भागावर विसंबू नये, कारण जॉर्जियन काळात कित्येक जुन्या लाकडी सांगाड्यांना पुढून विटांची नवी भिंत चढवली गेली. बाजूच्या आणि मागच्या भिंती पाहिल्या की खरे वय बरेचदा उघड होते. विटांची जाडीही थोडी मदत करते. १७८४ ते १८५० या काळात विटांवर नगामागे कर होता, त्यामुळे काही ठिकाणी मोठ्या विटा पाडल्या गेल्या.

तरीही वयापेक्षा भिंतीची प्रकृती मला महत्त्वाची वाटते. दोन्ही घरांच्या भिंती सहसा भरीव, मधे पोकळी नसलेल्या आणि चुन्यात बांधलेल्या असतात. शिरलेला ओलावा चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडतो. तेच सांधे नंतर कोणी सिमेंटने भरले असतील, तर पाणी विटेतच अडकते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. अशा जॉर्जियन घरापेक्षा चुना शाबूत असलेले जुने, अडचणीचे घर मी पसंत करेन.

अशी बहुतेक घरे संरक्षित वास्तूंच्या यादीत असतात. १९९० च्या कायद्यानुसार त्यांच्या स्वरूपावर परिणाम करणारा बदल परवानगीविना करणे गुन्हा आहे, आणि मागच्या मालकाने केलेला असा बदल पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकावर येऊ शकते. म्हणून खिडक्या, चुली, पाडलेल्या भिंती यांच्या परवानग्यांची कागदपत्रे सौदा ठरण्याआधीच मागून घ्यावीत.