दहावीनंतर काम शिकायचे आहे: शाळेतला व्यवसाय विषय, आयटीआय की कारागिराच्या हाताखालचा अनुभव?

सांगली-मिरजेत दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच विचार सुरू होतो: मुलाला पुस्तकाइतकीच कामाचीही ओढ आहे, तर त्याला कुठे घालावे? समोर तीन वाटा असतात, आणि त्या एकमेकींना पर्याय म्हणून सांगितल्या जात असल्या तरी प्रत्येकीतून हाती येणारी गोष्ट वेगळी आहे.

नववी ते बारावीच्या काही शाळांत समग्र शिक्षा योजनेतून ऑटोमोबाइल, आरोग्यसेवा, शेती असे व्यवसाय विषय शिकवले जातात. नेहमीचा अभ्यास सुटत नाही, हा त्यांचा मोठा लाभ. परंतु प्रत्यक्ष काम थोडेच होत असल्याने ज्याची आवड अजून ठरलेली नाही, त्यालाच मी हा मार्ग सुचवीन.

आवड ठरली असेल, तर आयटीआयचा विचार आधी करावा. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, तर फिटर, टर्नर आणि इलेक्ट्रिशियन यांचा दोन वर्षांचा आहे. खरे शिक्षण मात्र त्यापुढच्या शिकाऊ उमेदवारीत, म्हणजे कारखान्यात काम करत शिकण्याच्या काळात होते. कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर उभा असलेला एक मुलगा माझ्या लक्षात राहिला आहे: त्याने मशीन थांबवले, जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, फडक्याने पुसला, मायक्रोमीटर लावला आणि माप दोन शतांश मिलिमीटर जास्त भरताच कोणालाही न विचारता तेवढाच बारीक कट घेतला. ही नजर वर्गात बसून येत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली या काळात विद्यावेतन मिळते. २०१९ च्या सुधारित नियमांनी आयटीआय उत्तीर्णांसाठी ते दरमहा किमान ७,००० रुपये ठरवले. उमेदवारीसाठी वय किमान १४ वर्षे आणि धोकादायक उद्योगांत १८ वर्षे लागते, म्हणून कमी वयाच्या मुलाचा ट्रेड निवडताना हे आधीच पाहावे. शिवाय दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, त्यामुळे पुढचे शिक्षण बंद होत नाही.

तिसरी वाट कारागिराच्या हाताखालची. मिरजेच्या सतारमेकरांकडे भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचे (तार नीट झंकारावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून जुळवण्यापर्यंतचे) कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या घरात शिकवले गेले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. जवारीसाठी कान तयार व्हायला वर्षे जातात आणि शेवटी कोणताही दाखला मिळत नाही. ज्या मुलाला याच कामाचे वेड आहे आणि ज्याच्या घरची कमाईची निकड नाही, त्याच्यासाठी यासारखे शिक्षण नाही. इतरांनी बारावी किंवा आयटीआय करता करता सुट्टीत तिथे बसावे.

तिन्हींत मी आयटीआय आणि त्यानंतरच्या उमेदवारीला झुकते माप देतो, कारण हात, पैसे आणि कागद ही तिन्ही एकत्र तिथेच मिळतात. कागदाचे महत्त्व मी जवळून पाहिले आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलाने एका वर्कशॉपमध्ये निव्वळ तोंडी शब्दावर आठ महिने काम केले, आणि निघताना त्याला अनुभवाचे साधे पत्रही मिळाले नाही. म्हणून उमेदवारीच्या पहिल्याच दिवशी करारनामा नोंदवला आहे का, हे पालकांनी स्वतः जाऊन विचारावे आणि त्याची प्रत घरी आणावी.