नव्या कोऱ्या एसीत ‘गॅस कमी आहे’ म्हणाला, आणि मी पैसे मोजले

एसीची किंमत सोडून माझे १८,६८० रुपये गेले. लिहायला लाज वाटते, कारण ऑफिसात इतरांची बिलं मीच तपासतो. तरी लिहितोय, कारण एसी बसवायला आलेला तोच माणूस आज नागपुरात दुसऱ्या कुणाच्या तरी बाल्कनीत काम करत असेल.

एप्रिलचा शेवट, बाहेर ४४ अंश. आई ७६ वर्षांची, कूलरच्या दमट हवेत तिला रात्रभर धाप लागते. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी शनिवारी घरी आला, बसवणारा मात्र चार-पाच दिवसांनी येणार होता. मी नेटवर कंपनीच्या नावाने कस्टमर केअर शोधलं आणि पहिला दिसला तो नंबर लावला. हो, तिथेच फसलो. पण घरात म्हातारं माणूस तळमळत असताना नंबर कोण पडताळत बसतो? तुम्ही बसा. खरा नंबर वॉरंटी कार्डावर छापलेला असतो.

दोन तासांत दोघं हजर, टी-शर्टवर कंपनीचं नाव. एसीसोबत तीन मीटरचं कॉपर पाइपचं किट आलं होतं. त्यातला एक म्हणाला, “भाऊ, तीन मीटर पुरत नाही इथं. जोड देला तं लीक होते. मी सहा मीटर अखंड टाकून देतो, पैसे फक्त वाढीव तीन मीटरचे द्या.” मला तो प्रामाणिक वाटला. किटचा पाइप त्याने आपल्या पोत्यात टाकला.

हा क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. सकाळी किटचं ते वेटोळं मी स्वतः उचलून आत ठेवलं होतं, चांगलं जड होतं. त्याने दुप्पट लांबीचं वेटोळं आणलं ते दोन बोटांना अडकवून. मी समोर उभा होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरी काही बोललो नाही. त्यावर काळा फोम आणि पांढरी टेप आधीच गुंडाळलेली होती, टोकाला लालसर तांबं चमकत होतं. नंतर कळलं, ॲल्युमिनियमच्या पाइपला दोन्ही टोकांना वीतभर तांबं जोडलेला माल बाजारात मिळतो. टोक बघू नका. मधला फोम चिरायला सांगा आणि चाकूने ओरखडा काढा. पांढरं निघालं की ॲल्युमिनियम. लोहचुंबक लावून काही कळत नाही, तो तांब्यालाही चिकटत नाही.

व्हॅक्यूम पंप त्यांच्याकडे नव्हताच. नट सैल केला, व्हॉल्व्ह जरा फिरवला, फुस्स आवाज आला, “झालं व्हॅक्यूम.” एक मिनिट लागलं नसेल. पंप लावून निदान वीस मिनिटं पाइपातली हवा आणि ओल काढायची असते, ती राहिली तर कॉम्प्रेसरची वाट लागते. त्याने माझ्याच मशीनमधला गॅस हवेत सोडला आणि त्याचे ६०० रुपये लावले.

मग प्रेशर मोजायचा गेज दाखवला. “प्रेशर नव्वद आहे भाऊ, दीडशेच्या आसपास पाहिजे. ट्रान्सपोर्टमध्ये गॅस कमी होते.” नव्या मशीनमध्ये गॅस कारखान्यातूनच भरून येतो, किती ग्रॅम आर-३२ (हे त्या गॅसचंच नाव) आहे ते आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, पाटीवर छापलेलं असतं. मी ती पाटी वाचलीच नाही. बारीक, म्हणजे दोन सुताच्या पाइपाचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवला की गेजवर प्रेशर कमीच दिसतं, हे मला तीन आठवड्यांनी समजलं.

हिशेब असा: वाढीव पाइप २,५५०, स्टँड ७५०, व्हॅक्यूम ६००, गॅस २,८००, वायर ६००, भिंतीला होल ४००. एकूण ७,७००, यूपीआयने. बिल मागितलं तर “व्हॉट्सॲपवर येईल.” आलं नाही. बिल हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका.

बाविसाव्या दिवशी गार हवा बंद. त्याच आठवड्यात आई बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होती, स्टँडला हात लागला आणि झिणझिण्या आल्या. ओळखीच्या मेकॅनिकने उघडून दाखवलं: पाइप अखंड नव्हता, टेपखाली मध्ये जोड होता आणि तिथूनच गळती. आउटडोअरच्या वायरला भिंतीच्या भोकात जोड, नुसती टेप, ती काळी पडलेली. अर्थिंगची हिरवी वायर छाटून टाकलेली. पैशांचं एक वेळ सोडतो, ती वायर मी कधीही माफ करणार नाही. टेप गुंडाळण्याआधी दोन्ही बाजूंची टर्मिनल उघडून बघा, हिरवी वायर स्क्रूखाली आहे का ते.

दुरुस्ती: कॉपर पाइप ५,७००, गॅस ३,२००, वायर ८८०, मजुरी १,२००. म्हणजे १०,९८० आणखी.

आता तक्रारीचं ऐका. कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही, आणि परक्याने बसवल्यामुळे गळती वॉरंटीत बसत नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगात जा. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर सांगितलं, तुम्ही समोर उभं राहून स्वतः पैसे दिलेत, ही सायबर फसवणूक कशी? बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदली गेली, ती कंपनीकडे गेली, कंपनीने ‘आमचा संबंध नाही’ लिहिलं आणि तक्रार बंद. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे मान्य. पण समोरच्याचं नाव-पत्ता मी कुठून आणू? त्याचा फोन बंद आहे. ज्या खात्यात ७,७०० गेले त्या खात्याला नाव आहे, पत्ता आहे. ते पोलिसांना एका पत्रावर मिळू शकतं. ते पत्र कुणी लिहीत नाही. दोनदा गेलो, दोनदा बाकावर बसवून परत पाठवलं.

त्या पाइपचा हातभर तुकडा मी कापून ठेवलाय, जोडासकट. सोमवारी यूपीआयची पावती, काळी पडलेली वायर आणि तो तुकडा घेऊन लेखी अर्ज देणार आहे, पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. नागपुरात आणखी कुणाला असा पाइप निघाला असेल तर फेकू नका, तोही घेऊन चला.