लोअरिंग स्प्रिंगांच्या नावाखाली साताऱ्यात झालेली फसवणूक

गाडीत ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन (आपोआप कडक-मऊ होणारे इलेक्ट्रॉनिक शॉकअप) असेल आणि गाडीची उंची कमी करायला कुणी ‘स्प्रिंगा तेवढ्या बदलू, शॉकअप कंपनीचेच राहू द्या’ म्हणालं, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

साताऱ्यात हायवेलगतच्या एका दुकानात मी गाडी ३५ मिमी खाली घ्यायला दिली. शॉकअप इलेक्ट्रॉनिक आहेत, हे दोनदा सांगितलं. ‘त्याच्यासाठीच्याच आहेत साहेब, नंतर स्कॅनर लावून कॅलिब्रेशन करून देतो,’ मालक म्हणाला. ४२ हजार घेतले, त्यातले ४ हजार कॅलिब्रेशनचे. बिल म्हणून साध्या कागदावर ‘स्प्रिंग सेट’ एवढंच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन यवतेश्वरचा घाट चढलो. प्रत्येक खड्ड्याला पुढून धाडकन आवाज यायचा. आईला आधीच कंबरेचा त्रास, ती मागे सीट घट्ट धरून बसली होती. कासच्या अलीकडे सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागला. मग कम्फर्ट मोड लावा नाहीतर स्पोर्ट, काही फरक पडेना.

कोल्हापूरच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली. चाकं लोंबकळली तशी मागची स्प्रिंग बैठकीत सैल पडली, हाताने गोल फिरायला लागली. तिच्यावरचा नंबर अर्धा खरवडलेला होता. कॅटलॉगमध्ये शोधला, तर तो याच मॉडेलच्या साध्या शॉकअपवाल्या गाडीचा निघाला!

इलेक्ट्रॉनिक शॉकअप दणका किती जिरवायचा ते बदलतो. स्प्रिंगचा कडकपणा त्याच्या हातात नसतो. कंट्रोल युनिटचा सगळा हिशोब मूळ स्प्रिंग धरून बसवलेला असतो. गाडी खाली आली की शॉकअपचा दांडा उभ्या गाडीतच आत गेलेला असतो, त्यामुळे खड्ड्यात तो लगेच बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो. शिवाय गाडीची उंची मोजणाऱ्या हाइट सेन्सरला नवी उंची स्कॅनरने शिकवावी लागते, तेच ते कॅलिब्रेशन. बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा झोतही त्याच सेन्सरवरून ठरतो. माझ्या गाडीत ती शिकवलेलीच नव्हती, म्हणजे ते ४ हजार फुकट घेतले.

म्हणून बसवण्याआधी नंबरचा फोटो काढा, तुमच्याच शॉकअपसाठी ती स्प्रिंग चालते का ते बनवणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या, आणि जुन्या स्प्रिंगा डिकीत टाकूनच दुकान सोडा. माझ्या ‘भंगारात गेल्या’ म्हणे. चारही नव्या मागवाव्या लागल्या. पुढचा डावा शॉकअप आता तेल गाळतोय. खरवडलेल्या नंबरचा फोटो आणि तो कागद जोडून ग्राहक आयोगाकडे द्यायची तक्रार कालच लिहून काढली.