बिलावर लेसर, पायात नुसती इंजेक्शनं

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. 26 वर्षं झाली, दिवसाचे नऊ-दहा तास उभ्यानंच. डाव्या मांडीपासून पोटरीपर्यंत शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या, संध्याकाळी पाय जड व्हायचा, घोट्याला सूज यायची. आमच्या शॉपमधल्या निम्म्या लोकांचे पाय असेच आहेत, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

गेल्या वर्षी राजारामपुरीत एका हॉलमध्ये मोफत व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे अशा फुगलेल्या शिरांच्या तपासणीचं शिबिर होतं. बायको म्हणाली, "अहो, फुकट आहे तर दाखवून तरी या." गेलो. टेबलावर झोपवलं, जेल लावलं, प्रोब दोन मिनिटं फिरवला आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं फाइल घेऊन बसलेला मुलगा माझ्या पोराच्या वयाचा असेल. तो म्हणाला, "काका, गुठळी सुटली तर थेट हृदयात जाईल. पाय कापायची वेळ आणायची नाही ना? दोन्ही पायांना लेसर करून टाका. एक लाख दहा हजारांचं पॅकेज आज नाव नोंदवलंत तर अठ्ठ्याहत्तर हजारांत."

उजव्या पायाला तर काहीच त्रास नव्हता. गुडघ्यामागं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या रेषा होत्या, तेवढंच. पण पाय कापण्याचं नाव काढल्यावर माणसाचं डोकं चालत नाही. माझंही चाललं नाही. वीस हजार रोख भरले. बाकीच्यासाठी फायनान्सवाला तिथंच बसला होता, त्यानं माझ्याच फोनवर आलेला ओटीपी विचारून घेतला आणि बारा हप्ते बांधून दिले.

चार दिवसांनी त्यांच्या दवाखान्यात बोलावलं. पालथं झोपायला सांगितलं तरी मान वळवून मी बघत होतो. हातानं काम करणाऱ्याची नजर हत्यारावर जातेच. डॉक्टरांनी दोन सिरिंज एका तोटीनं जोडल्या आणि औषध इकडून तिकडं, तिकडून इकडं ढकलत राहिले. बघता बघता त्याचा दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस झाला. तो फेस दोन्ही पायांत मिळून आठ-दहा ठिकाणी टोचला. कोपऱ्यात एक मशीन होतं, पण त्याचा एकही दिवा पेटलेला नव्हता. मी विचारलं, "डॉक्टर, लेसर कधी?" ते म्हणाले, "हेच ते. आता बिनटाक्याचं आलंय." वीस मिनिटांत दोन्ही पाय उरकले, लांब मोजे चढवले आणि घरी पाठवलं.

दोन महिने बरं वाटलं. मग डावा पाय पुन्हा होता तसा झाला. उजव्या पायावर, जिथं आधी काहीच नव्हतं, तिथं तपकिरी डाग पडले. दवाखान्यात विचारलं तर म्हणे, "दुसरं सेशन लागेल, पंचवीस हजार."

तेव्हा मेव्हण्यानं हट्टानं शिरांच्या सर्जनकडं नेलं, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जन. त्यांनी आधी नीट डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करून आणायला लावलं. या वेळी मला उभं केलं, दांडी धरायला लावली. प्रोब जांघेत ठेवून पोटरी दाबायची आणि सोडायची. दाबली की पडद्यावर एक रंग वर जायचा, सोडली की दुसरा रंग खाली कोसळायचा. पंपाचा फूट व्हॉल्व्ह गेला की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं, अगदी तसं. शिरांतही रक्त वर धरून ठेवणाऱ्या झडपा असतात, त्या सैल झाल्या की रक्त मागं येतं. कातडीलगतच्या अशा शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं वाहिलं तर दोष धरतात. माझ्या डाव्या पायाच्या मोठ्या सॅफेनस शिरेत ते साडेतीन सेकंद वाहत होतं. ती शीर जांघेपासून गुडघ्यापर्यंत पूर्ण उघडी होती. लेसरनं शीर आतून उष्णता देऊन बंद करतात, म्हणजे ते झालं असतं तर ती बंद दिसायला हवी होती. उजव्या पायाच्या सगळ्या झडपा शाबूत होत्या.

सर्जननी समजावून सांगितलं ते मला आधी कळलं असतं तर पैसे वाचले असते. फेसाचं इंजेक्शन, म्हणजे फोम स्क्लेरोथेरपी, हा खोटा उपचार नाही. लहान शिरांना, उरलेल्या फाट्यांना ते चांगलं काम करतं. पण जांघेपासून गळणाऱ्या मोठ्या शिरेला ते लेसरइतकं टिकाऊ नसतं, आणि लेसरच्या मानानं स्वस्तही असतं. माझी फसवणूक झाली ती इथं. एक उपचार केला, दुसऱ्याचे पैसे घेतले, आणि ज्या पायाला गरज नव्हती त्यालाही टोचलं. पाय कापण्याची भीतीही खोटी होती. गुठळी फुफ्फुसात जाण्याचा धोका मुख्यतः खोलवरच्या शिरांतून असतो, आणि त्या मोकळ्या आहेत की नाहीत हेही डॉपलरवरच बघतात. कातडीलगतच्या शिरांकडं वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर घोट्याजवळची कातडी काळवंडते, जखम होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही. ते खरं दुखणं आहे, पण त्याच दिवशी सही करायला लावणारं नाही.

पुढं डाव्या पायाचं लेसर त्यांनीच केलं. तेव्हा फरक कळला. गुडघ्याजवळ सुई घालून बारीक फायबर सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत जांघेपर्यंत सरकवली. सगळ्या मांडीभर शिरेच्या भोवती बधिर करणारं थंड पाणी टोचलं. आणि मशीन चालू करण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर गॉगल चढले, माझ्यासुद्धा. वेल्डिंगला काच लावतो तशी ती काळजी. पहिल्या ठिकाणी एकानंही गॉगल घातला नव्हता. रेडिओफ्रिक्वेन्सीनं, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेनं, शीर बंद करतात तेव्हा गॉगल लागत नाहीत, पण तिथंही आत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, जातंच आणि 120 अंशांची उष्णता देतात. शीर आतून चिकटवून टाकणाऱ्या ग्लूच्या पद्धतीत मांडीभर टोचावं लागत नाही, तरी कॅथेटर चुकत नाही. फायबर असो की कॅथेटर, ते सीलबंद पाकिटातून निघतं. त्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर केस पेपरवर चिकटवून मागा. माझ्या दुसऱ्या फाइलमध्ये ते आहे.

पहिल्या दवाखान्याकडं मी कागद लेखी मागितले. 72 तासांत देण्याचा नियम आहे, मला नवव्या दिवशी मिळाले. बिलावर 'लेसर, दोन्ही पाय'. आतल्या नोंदीत मात्र त्यांच्याच हातचं 'इंजेक्शन स्क्लेरोथेरपी'. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कुठंच नाही. हे दोन कागद आणि उभ्यानं केलेला डॉपलर जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. निकाल अजून लागायचा आहे. त्या कर्जाचे तीन हप्ते बाकी आहेत, ते दर महिन्याच्या 5 तारखेला कापले जातात.

त्या दिवशी हॉलमध्ये माझ्यापुढं रांगेत बाजारात भाजी विकणाऱ्या तीन मावशी होत्या. तिघींनीही नाव नोंदवलेलं मी पाहिलं. अशा शिबिरातून उपचार घेतलेलं तुमच्या घरातलं कोणी असेल तर आजच त्यांचं बिल आणि आतली नोंद शेजारी शेजारी ठेवून वाचा. नोंद मिळाली नसेल तर लेखी अर्ज द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.